कोलोरॅडोत बंदुकीच्या कायद्याची किंमत कोणी मोजली?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतलं एखादं राज्य राजकीयदृष्ट्या निम्मं इकडे, निम्मं तिकडे असताना सत्ताधारी पक्षाने बंदुकांवर निर्बंध आणले, तर त्याची किंमत मोजावी लागते का? लागत असेल, तर कोलोरॅडोत डेमोक्रॅटिक पक्ष असे कायदे वर्षामागून वर्ष करतोच कसा?

किंमत मोजावी लागते, पण पक्षाला कमी आणि माणसांना जास्त. तीही पहिल्या काही महिन्यांत. त्यानंतर निवडणुकीत ती शोधून सापडत नाही. सापडते ती कायदा अमलात आणायच्या वेळी, शेरीफच्या म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या कचेरीत. मी डेन्व्हरच्या दक्षिणेकडच्या उपनगरात राहतो. प्रचारासाठी मतदारयाद्या लावणं आणि दारोदार जाणाऱ्या टीम आखणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे माझं उत्तर भावनांपेक्षा याद्यांकडे झुकलेलं असेल, ते चालवून घ्या.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक ही सरकारने दिलेली सवलत आहे. आचारसंहिता लागली की परवानाधारक मुकाट्याने ती पोलीस ठाण्यात जमा करून येतात. इथे ती राज्यघटनेने दिलेला हक्क मानली जाते. म्हणून 'पंधराच गोळ्या का पुरत नाहीत' हा आपल्याला पडणारा प्रश्न इथल्या निम्म्या लोकांना मुळातच उद्धट वाटतो. पुढचं सगळं राजकारण या एका फरकावर उभं आहे.

कोलोरॅडोत 64 काउंट्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हे, आहेत. रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी उभी पट्टी आहे: फोर्ट कॉलिन्स, बोल्डर, डेन्व्हर, कोलोरॅडो स्प्रिंग्ज, प्वेब्लो. बहुसंख्य लोक इथेच राहतात. पूर्वेला मैदानी शेती, पश्चिमेला डोंगर, कुरणं, तेल-वायूच्या विहिरी. पट्टीवर मतं आहेत आणि बाहेर जमीन आहे. कोलंबाइन हायस्कूल (1999, 13 बळी) आणि ऑरोराचं चित्रपटगृह (जुलै 2012, 12 बळी) दोन्ही याच पट्टीवर, डेन्व्हरच्या उपनगरांत.

ऑरोरानंतर चारच महिन्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाने विधिमंडळाची दोन्ही सभागृहं जिंकली. डिसेंबरमध्ये कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत 20 मुलं मारली गेली. आणि मार्च 2013 मध्ये गव्हर्नर जॉन हिकनलूपर यांनी कायद्यांवर सही केली: मॅगझिनमध्ये, म्हणजे बंदुकीला लागणाऱ्या गोळ्यांच्या डब्यात, जास्तीत जास्त 15 गोळ्या, आणि खासगी व्यवहारातही खरेदीदाराचा बॅकग्राउंड चेक, म्हणजे पार्श्वभूमीची तपासणी. मॅगझिनच्या विधेयकाच्या प्रवर्तक ऱ्होंडा फील्ड्स. त्यांच्या मुलाचा आणि त्याच्या होणाऱ्या बायकोचा 2005 मध्ये ऑरोरात गोळ्या घालून खून झाला होता.

त्या महिन्यातल्या सुनावण्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढच्या सगळ्या भडक्याचं कारण मला तिथे दिसतं. विधिमंडळाच्या इमारतीभोवती दिवसभर गाड्या फिरत होत्या, सतत हॉर्न वाजवत. वर गव्हर्नरला उद्देशून फलक ओढत एक विमान घिरट्या घालत होतं. लोक राज्याच्या कानाकोपऱ्यातून, चार-चार तास गाडी चालवून आले होते. बोलायची संधी मोजक्यांनाच मिळाली, कारण समितीने वेळ आखून दिला होता. त्या समितीच्या अध्यक्ष प्वेब्लोच्या सिनेटर अँजेला हिरोन. सिनेटचे, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचे, अध्यक्ष जॉन मोर्स हे कोलोरॅडो स्प्रिंग्जचे, एके काळचे पोलीसप्रमुख. त्यांनी तर एका दूरचित्रवाणी मुलाखतीत, ई-मेलचा भडिमार वाचत बसू नका असं आपण सहकाऱ्यांना सांगितल्याचं बोलून दाखवलं. प्रचारात ती चित्रफीत किती वेळा फिरली असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. कायद्याचा राग आलेली माणसं होतीच. पण 'आम्ही आलो, रांगेत उभे राहिलो आणि आम्हाला ऐकून घेतलं नाही' हा राग त्याहून जास्त दारं उघडतो.

मग मोर्स आणि हिरोन यांच्याविरुद्ध सुरू झाली रिकॉलची मोहीम, म्हणजे निवडून दिलेल्याला मुदतीआधी परत बोलावणं. कोलोरॅडोत त्यासाठी गैरव्यवहार सिद्ध करावा लागत नाही, कारणही पटवून द्यावं लागत नाही. त्या जागेसाठी मागच्या निवडणुकीत जितकी मतं पडली, त्याच्या 25 टक्के सह्या आणल्या की निवडणूक लागते. महाराष्ट्रात दारूचं दुकान बंद करायला जी 'आडवी बाटली'ची निवडणूक होते, तिथेही मतदानाची मागणी करायला 25 टक्केच सह्या लागतात. पण बाटली आडवी व्हायची तर यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. घरी बसलेल्या माणसाचं न दिलेलं मत तिथे दुकानदाराच्या पारड्यात जातं. कोलोरॅडोत मात्र जे आले त्यांच्यातले निम्म्याहून जास्त पुरतात. घरी बसलेला माणूस हिशेबातच नाही.

आणि घरी बसवण्याची सोयही आपोआप झाली. इथल्या बहुतेक मतदारांना टपालाने मत द्यायची सवय. त्याच वर्षी प्रत्येक मतदाराला मतपत्रिका घरी पाठवायचा कायदाही झाला होता. पण रिकॉलमध्ये पर्यायी उमेदवाराला मतदानाच्या 15 दिवस आधीपर्यंत अर्ज भरता येतो, अशी राज्यघटनेची जुनी तरतूद निघाली. डेन्व्हरच्या न्यायाधीशाने ती उचलून धरली. मतपत्रिका छापून टपालात टाकायला वेळच उरला नाही. म्हणजे सप्टेंबरमध्ये, कामाच्या दिवसांत, केंद्र शोधून जाऊन मत द्यायचं. ज्यांचा राग धगधगत होता ते गेले. ज्यांना कायदा 'बरा आहे' एवढंच वाटत होतं ते राहिले.

10 सप्टेंबर 2013. मोर्स अवघ्या 319 मतांनी पडले. मतदान पाचात एकाच्या आसपास. हिरोन यांचं प्रकरण वेगळं आणि माझ्या मते जास्त शिकवणारं. प्वेब्लो हे पोलादाच्या कारखान्याचं, कामगार संघटनांचं, स्पॅनिश आडनावांचं गाव. वर्षभरापूर्वीच ओबामांना तिथे भरभरून मतं मिळाली होती. मतदानही तिथे बऱ्यापैकी झालं, तरी हिरोन 56 विरुद्ध 44 टक्क्यांनी गेल्या. म्हणजे त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी त्यांना घरी पाठवलं. आमच्या धंद्यात याला याद्यांचा चकवा म्हणतात. यादीवर 'डेमोक्रॅट' लिहिलेलं असतं, पण गॅरेजमध्ये जुन्या प्रचाराच्या पाटीशेजारी एल्क हरणाची शिंगं लटकलेली असतात. त्या माणसाने बंदूक आजोबांकडून घेतलेली असते आणि युनियनचं कार्ड वडिलांकडून. त्याला दोन्हींपैकी एक निवडायला लावलं, की काय होईल ते यादी सांगत नाही.

पैशाने हे झालं असं बरेच जण म्हणतात. ते खरं नाही. खुर्च्या वाचवणाऱ्या बाजूनेच कित्येक पट जास्त खर्च केला होता. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी साडेतीन लाख डॉलर पाठवले आणि त्या धनादेशाचाच विरोधकांनी पोस्टर म्हणून वापर केला: बघा, न्यूयॉर्कवाला आपल्याला शिकवतोय. राष्ट्रीय रायफल संघटनेचा पैसाही बाहेरचाच होता, पण त्याची चर्चा झाली नाही. माझ्या मते बाहेरचा पैसा जिंकवत नाही. तो फक्त विरोधकाला विषय पुरवतो.

तिसरा घाव नोव्हेंबरमध्ये बसायचा होता. एव्ही ह्यूडॅक या सिनेटरविरुद्ध सह्या गोळा होत होत्या. दोन जागा गेल्यावर सिनेट 18 विरुद्ध 17 वर आलं होतं. आणखी एक गेली असती तर सभागृहच गेलं असतं. ह्यूडॅक यांनी स्वतःहून राजीनामा दिला. राजीनाम्याने रिकामी झालेली जागा पक्षाच्या समितीला भरता येते, म्हणून. त्याच महिन्यात 11 काउंट्यांनी कोलोरॅडोपासून वेगळं होऊन 51 वं राज्य करावं का यावर मत घेतलं, आणि पाच काउंट्यांनी 'हो' म्हटलं. त्यात वीज सहकारी संस्थांवर लादलेल्या अक्षय ऊर्जेच्या अटीचाही राग होता, नुसत्या बंदुकांचा नव्हता. पण 'डेन्व्हर आपल्यावर राज्य करतंय' ही भावना तीच.

आता पुढचं वर्ष पाहा, कारण बहुतेक लेख 2013 वरच थांबतात. नोव्हेंबर 2014 हे देशभर डेमोक्रॅटिक पक्षासाठी वाईट वर्ष. कोलोरॅडोत अमेरिकी सिनेटची जागा गेली, राज्याचं सिनेटही एका जागेच्या बहुमताने रिपब्लिकन पक्षाकडे गेलं. तरीही रिकॉलमध्ये मिळवलेल्या दोन्ही जागा रिपब्लिकन पक्षाने त्याच दिवशी गमावल्या. कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये बर्नी हर्पिन पडले. ऑरोराच्या मारेकऱ्याकडे 100 गोळ्यांचं मॅगझिन होतं हे एका परीने बरंच झालं, कारण ते अडकलं, अशा अर्थाचं बोलून त्यांनी स्वतःचं नुकसान करून घेतलंच होतं. प्वेब्लोची जागा लेरॉय गार्सिया यांनी परत आणली. हिकनलूपरही पुन्हा निवडून आले, मात्र त्याआधी जूनमध्ये शेरीफांच्या बैठकीत जाऊन, कायदे करण्याआधी तुमच्याशी नीट बोलायला हवं होतं, असं म्हणत दिलगिरी व्यक्त करून. सही केलेल्या कायद्याबद्दल माफी मागायची आणि कायदा तसाच ठेवायचा, ही तारेवरची कसरत त्यांनाच जमो.

म्हणजे जमाखर्च मांडला तर दोन माणसांच्या खुर्च्या गेल्या, एकीने राजीनामा दिला, आणि कायद्याचा एक शब्दही बदलला नाही. रद्द करायची विधेयकं दरवर्षी आली आणि दरवर्षी मेली. 2015 मध्ये तडजोड शक्य होती: मर्यादा 15 वरून 30 करायची. काही डेमोक्रॅट तयार झाले असते. पण रॉकी माउंटन गन ओनर्स या कडव्या संघटनेने, पूर्ण रद्द करा नाहीतर काही नको, असं म्हणत ती मोडीत काढली. ज्यांच्या रागातून कायदा हलू शकला असता त्यांनीच तो जागच्या जागी घट्ट केला. 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो वैध ठरवला.

आता शेरीफ. हे सरकारने बदली केलेले अधिकारी नाहीत. डेन्व्हरसारख्या एकदोन जागा सोडल्या तर प्रत्येक काउंटीत ते मतांवर निवडून येतात. राज्यातल्या बहुसंख्य निर्वाचित शेरीफांनी 2013 च्या कायद्यांविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. तिथे ते शेवटी टिकले नाहीत, पण रस्त्यावर जिंकले. वेल्ड काउंटीचे तेव्हाचे शेरीफ जॉन कुक भाषणात दोन मॅगझिन हातात धरायचे. एक 1 जुलै 2013 च्या आधी घेतलेलं, म्हणून कायदेशीर. दुसरं नंतरचं, बेकायदा. पत्ते पिसावेत तशी ती हातात फिरवायचे आणि समोरच्यांना विचारायचे, सांगा, यातलं कुठलं कुठलं? कोणालाच सांगता यायचं नाही. कुक पुढे राज्याच्या सिनेटमध्ये गेले.

त्यांचा मुद्दा चोख होता, हे कायद्याच्या बाजूने काम करणाऱ्यानेही कबूल करायला हवं. जुनी मॅगझिन जवळ ठेवायला परवानगी होती. नवी कधी घेतली हे सिद्ध करायचं कोणी आणि कसं? दुकानदारांनीही वाट काढली: 30 गोळ्यांचं मॅगझिन सुटे भाग करून विकायचं. स्प्रिंग वेगळी, डबा वेगळा, तळाची पट्टी वेगळी, सगळं एकाच पिशवीत. जोडणं गिऱ्हाइकाने घरी जाऊन करायचं. हे डेन्व्हरच्या परिसरातसुद्धा चालत होतं. विभागलेल्या राज्यात कायदा विधिमंडळात 18 मतांनी होतो, पण तो जगायला प्रत्येक काउंटीत एका माणसाची इच्छा लागते.

मग 2018 नंतर वारं का फिरलं? लोकांची मतं एका रात्रीत बदलली, असं मला दिसलं नाही. तीन गोष्टी झाल्या. पट्टीवर लोक वाढले, त्यांत आपली मराठी मंडळीही आली. आयटी, वैद्यकीय, हवाई-अंतराळ कंपन्यांमधली. आज कोणत्याच पक्षात नाव न नोंदवलेले मतदार जवळपास निम्मे आहेत. दुसरं, मतपत्रिका घरी येऊ लागली, त्यामुळे 2013 सारखं 'रागावलेलेच येतात' हे गणित सामान्य निवडणुकीत लागू पडेनासं झालं. तिसरी गोष्ट म्हणजे टॉम सलिव्हन.

सलिव्हन यांचा मुलगा ॲलेक्स ऑरोराच्या चित्रपटगृहात आपला 27 वा वाढदिवस साजरा करायला गेला होता; तिथेच तो मारला गेला. 2018 मध्ये सलिव्हन यांनी डेन्व्हरच्या सेंटेनियल या उपनगरातून कोल विस्ट या रिपब्लिकन आमदाराला हरवलं. गंमत पाहा: विस्ट यांनी त्याच वर्षी 'रेड फ्लॅग' विधेयक मांडलं होतं. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका ठरू शकणाऱ्या माणसाची बंदूक न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घ्यायची, असं ते विधेयक. डग्लस काउंटीत कर्तव्यावर मारला गेलेला डेप्युटी झॅकरी पॅरिश याच्या नावाने ते ओळखलं जाई, आणि तिथल्या रिपब्लिकन शेरीफाचा त्याला पाठिंबा होता. बंदूकधारकांच्या कडव्या गटाने आपल्याच पक्षाच्या विस्ट यांच्यावर आगपाखड केली. जागा गेली ती सलिव्हन यांच्याकडे, आणि त्यांनी पुढच्याच अधिवेशनात तो कायदा करून दाखवला. मध्यममार्गी माणसाला पाडून कडव्यांनी काय मिळवलं, याचं यापेक्षा सरळ उदाहरण मला माहीत नाही.

2019 च्या त्या मतदानात सिनेटमध्ये 18 विरुद्ध 17 असा निकाल लागला. विरोधात गेलेला एकमेव डेमोक्रॅट कोण? प्वेब्लोचे लेरॉय गार्सिया, तेव्हा स्वतः सिनेटचे अध्यक्ष. हिरोन यांची खुर्ची परत आणणारा माणूस ती खुर्ची कशाने गेली होती ते विसरला नव्हता. पक्षाला त्यांच्या मताची गरज नव्हती, म्हणून पक्षानेही ताणलं नाही. 2013 मध्ये हे शहाणपण असतं तर कदाचित दोन जागा वाचल्या असत्या.

सलिव्हन यांच्याविरुद्धही रिकॉल सुरू झालं. काही आठवड्यांतच गुंडाळलं गेलं. आपल्या मुलाचं नाव घेत दारोदार फिरणाऱ्या बापाला 'न्यूयॉर्कच्या पैशावर नाचणारा' म्हणणं जड जातं. गव्हर्नर जॅरेड पोलिस यांच्याविरुद्धच्या सह्याही पुरेशा जमल्या नाहीत. रिकॉल हे हत्यार छोट्या मतदारसंघात, कमी मतदानात चालतं. सबंध राज्याला हलवायचं तर ते बोथट पडतं.

पण रेड फ्लॅग कायद्याचं काय झालं? निम्म्याहून जास्त काउंट्यांनी स्वतःला बंदूकहक्काचं 'अभयस्थान' जाहीर केलं. एल पासो काउंटी, म्हणजे कोलोरॅडो स्प्रिंग्ज, त्यात होती. अगदी निकडीचा प्रसंग सोडला तर शेरीफ कार्यालयाने स्वतः बंदूक काढून घेण्याच्या आदेशासाठी न्यायालयात अर्ज करायचा नाही, असं तिथलं धोरण ठरलं. जून 2021 मध्ये तिथे एका व्यक्तीला घर बॉम्बने उडवायची धमकी दिल्याबद्दल अटक झाली. रेड फ्लॅगचा अर्ज कोणीच केला नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये त्याच व्यक्तीने क्लब क्यू या समलिंगी लोकांच्या क्लबमध्ये पाच जणांना ठार केलं. इथे घाई करू नये: आदेशाची मुदत जास्तीत जास्त वर्षभराची असते, 2021 चा आदेश नूतनीकरण न होता तोवर संपलाही असता. तरी अर्ज करायचा अधिकार असलेला माणूस आणि करायची इच्छा असलेला माणूस एकच नसेल तर काय होतं, ते तिथे दिसलं. विधिमंडळाने 2023 मध्ये शेरीफांशी न भांडता अर्ज करू शकणाऱ्यांची यादीच वाढवली: डॉक्टर, शिक्षक, सरकारी वकील. मला हा दशकातला सगळ्यात हुशार बदल वाटतो. त्यावर मोर्चे निघाले नाहीत, विमानं फिरली नाहीत.

मधल्या काळात बोल्डरच्या किंग सूपर्स दुकानात मार्च 2021 मध्ये दहा जण मारले गेले. त्याच्या दहा दिवस आधी एका न्यायाधीशाने बोल्डर शहराची असॉल्ट रायफलबंदी, शहरांना असा अधिकारच नाही म्हणून, अडवली होती. विधिमंडळाने मग स्थानिक संस्थांना राज्यापेक्षा कडक नियम करायची मुभा दिली. खरेदीसाठी वाढवलेलं किमान वय, तीन दिवसांची प्रतीक्षा, 2024 मध्ये लोकांनीच मतदानाने मंजूर केलेला बंदुका आणि काडतुसांवरचा 6.5 टक्के कर, हे सगळं पाठोपाठ आलं आणि त्यासाठी कोणाची खुर्ची गेली नाही. सरसकट असॉल्ट रायफलबंदी मात्र 2023 मध्ये डेमोक्रॅटिक बहुमताच्या समितीतच पडली. खुद्द सलिव्हन तिच्याबद्दल साशंक होते.

आणि 2025 चा कायदा पुन्हा थेट कुक यांच्या हातातल्या त्या दोन मॅगझिनपाशी येतो. मॅगझिन ओळखता येत नाही ना, मग काढता-घालता येणाऱ्या मॅगझिनच्या बऱ्याच अर्धस्वयंचलित बंदुकांच्या विक्रीवरच निर्बंध, असा सलिव्हन आणि सहकाऱ्यांचा मूळ प्रस्ताव होता. गव्हर्नर पोलिस यांच्या आग्रहाने तो सौम्य झाला: प्रशिक्षण घ्या, पात्रतेचं कार्ड काढा, मग विकत घ्या. अंमल 1 ऑगस्ट 2026 पासून.

ते कार्ड द्यायचं कोणी? शेरीफने.

म्हणून तुम्हाला पुढचा निकाल वाचायचा असेल तर गव्हर्नरच्या निवडणुकीचे आकडे बाजूला ठेवा. नोव्हेंबर 2026 मध्ये शेरीफांच्याही निवडणुका आहेत, नवा कायदा लागू झाल्यानंतर तीनच महिन्यांनी. कार्डाच्या खिडकीवर कोणत्या काउंटीत किती माणसं बसवली, ती आठवड्यातून किती दिवस उघडी असते आणि प्वेब्लोत तिच्यापुढे रांग कशी आहे, एवढं पाहा. मी स्वतः त्याच याद्या लावायला घेतल्या आहेत.